मंजुळाबाईंचा बाण

सकाळी सातच्या सुमारास माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. ‘आपल्या शाळेच्या लाडक्या मंजुळामावशी काल आपल्याला सोडून गेल्या. सरांच्या प्रसिद्ध रॉकेटला मदत करणाऱ्या मावशींना भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली जोडलेल्या हातांची चित्रं सुरू झाली, एकाखाली एक, मोबाइल थांबेना. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. बातमी अनपेक्षित नव्हती. चार दिवसांपूर्वीच महाडच्या दवाखान्यात मी त्यांना पाहून आलो होतो. न्यूमोनियाने छाती भरली होती आणि डॉक्टरांनी माझ्या नजरेला नजर न देता बोलायला सुरुवात केली तेव्हाच काय ते कळलं होतं. पण खरं सांगतो, त्या सकाळी डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला राग आला. ‘मदत करणाऱ्या’ या दोन शब्दांचा राग. आज दोन महिने होत आले, तो उतरलेला नाही, आणि उतरू नये म्हणूनच हे लिहितो आहे.

मी त्या शाळेत तीसेक वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं. मंजुळा गौतम सकपाळ हे पूर्ण नाव मला त्यांच्या निवृत्तीच्या कागदांवर पहिल्यांदा दिसलं, हे सांगताना लाज वाटते. तोवर त्या ‘मावशी’ होत्या. शाळेतल्या शिपाईबाईला मावशी म्हणायचं, यात आपल्याला केवढा मोठेपणा वाटतो... नातं जोडलं की आडनाव विचारायला नको, गाव विचारायला नको, आणि सख्ख्या मावशीला कधी सांगणार नाही ती कामं बिनदिक्कत सांगता येतात. त्या पोलादपूरच्या पुढे, महाबळेश्वरचा रस्ता जिथे घाटाकडे वळतो त्या अंगाच्या एका गावच्या. गावाच्या खालच्या बाजूला ओढ्याकाठी बौद्धवाडी आहे, तिथलं त्यांचं घर. नवरा आमच्याच शाळेत शिपाई होता. तो काविळीने गेला आणि त्याच्या जागी यांना घेतलं. पदरात वर्षाची मुलगी, वनिता. शिक्षण सातवीपर्यंत. घंटा देणं, वर्ग झाडणं, पाणी भरणं... आणि दोन-तीन वर्षांत प्रयोगशाळेचं सगळं काम, कारण बाटल्यांवरची नावं न चुकता वाचणारं आणि तुटलेली परीक्षानळी कुणाला न दुखावता उचलणारं दुसरं माणूस शाळेत नव्हतं.

शिक्षकांच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर कानतुटका एक कप असायचा. तो त्यांचा. तो तिथे कुणी ठेवला, आमच्या कपांच्या ओळीत का नाही, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. आणि हे महाडात. ज्या गावाला पाणी म्हणजे काय हे आणखी कुणी शिकवायची गरज उरू नये, त्या गावात.

आता रॉकेटकडे येतो. आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक हौशी गृहस्थ होते. त्यांचं नाव लिहीत नाही. ते गेले, त्यांची मुलं आहेत, नातवंडं आहेत, त्यांचा यात काही दोष नाही. सरांना कुठल्याशा परदेशी मासिकात तीन टप्प्यांच्या रॉकेटचं चित्र सापडलं. एकावर एक तीन नळकांडी. खालचं जळून संपलं की ते गळून पडतं आणि मधलं पेटतं, मधलं संपलं की वरचं. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात त्याची प्रतिकृती मांडायची असं सरांच्या मनात आलं. पुठ्ठ्याची, रंगवलेली, नुसती बघायची. चित्र टेबलावर पसरलं होतं, मी शेजारी उभा होतो आणि मंजुळाबाई फडक्याने टेबल पुसत होत्या. त्या थांबल्या, चित्राकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, ह्यो तर बाण हाय. उडंल की.”

आम्ही दोघं हसलो. पण त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांचे वडील महाडात दारूकाम करणाऱ्या एका परवानेवाल्याकडे कामाला होते. पालख्यांना, जत्रांना, लग्नांना लागणारे बाण, भुईनळे, दारूची झाडं तिथे बनत. आठ-नऊ वर्षांच्या असल्यापासून मंजुळाबाई तिथे कागदाच्या नळ्या वळायला बसत. खळ किती पातळ हवी, कागदाचा वळसा कुठे सैल पडला की नळी फुटते, काठी किती लांब असली की बाण सरळ जातो, हे सगळं त्यांच्या बोटांत होतं. सरांना वर्तमानपत्रातला मथळा दिसायला लागला असावा. “कर बघू मग,” ते म्हणाले.

पुढचे तीन महिने शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत जे चाललं ते मी पाहिलेलं आहे. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कागदाच्या नळ्या. पांगाऱ्याच्या लाकडाचे पंख, कारण पांगाऱ्याइतकं हलकं लाकूड आपल्याकडे दुसरं नाही. वरचं निमुळतं टोकही पांगाऱ्याचंच, काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत केलेलं. तयार झालेला बाण त्या मधोमध दोरी बांधून पटांगणात डोक्याभोवती गरगर फिरवायच्या. टोक पुढे राहिलं तर तो आकाशात सरळ जाणार, मागे वळलं तर पंख मोठे हवेत. हे मी पुढे पुस्तकात वाचलं. त्यांनी कुठे वाचलं होतं? पेटवायची दारू त्या परवानेवाल्याकडून भरून आणलेली, बोटभर जाडीच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांत ठासलेली. अशा भरलेल्या नळीला आज मोटर म्हणतात.

अडचण आली ती टप्प्यांच्या जोडावर. खालचा टप्पा जळून संपला की वरचा पेटायच्या आधीच सुटा होऊन पडायचा. नदीच्या वाळूत दोन टप्पे जोडून पाच-सहा वेळा पाहिलं, दर वेळी तेच. सर चिडले, मी पुस्तकं उलटीपालटी केली. आठवड्याभराने मंजुळाबाई एक नळी घेऊन आल्या. वरच्या कडेपासून दोन बोटं खाली, जिथे वरच्या टप्प्याचं बूड येऊन बसतं त्याच्या जरासं खाली, त्यांनी दाभणाने गोल रांगेत सहा भोकं पाडली होती. “आत हवा कोंडतीय सर,” त्या म्हणाल्या. “खालचा जाळ वर जायच्या आधी ती कोंडलेली हवाच वरच्याला ढकलून देते. तिला वाट दिली की जाळ पोचंल.” दुसऱ्या दिवशी वाळूत पाहिलं. जाळ पोचला.

एवढंच. हा त्या रॉकेटचा जीव. तो कुणी शोधला ते आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि दोघांपैकी एकाने पुढे आयुष्यभर वेगळं सांगितलं आणि दुसरा गप्प बसला.

प्रदर्शनाच्या दिवशी तिन्ही टप्पे पहिल्यांदाच एकत्र उडणार होते. जिल्ह्याच्या गावी मोठं मैदान, मांडव, साहेब लोक. रॉकेटची पेटी मंजुळाबाईंनी महाडपासून एसटीत मांडीवर घेऊन आणली होती, खड्डा आला की पेटी वर उचलायची, असं सगळा रस्ता. उडवायची वेळ झाली तेव्हा सरांनी मला बाजूला घेतलं. “पाहुणे आहेत, फोटो निघणार. मावशींना सांगा सामानापाशी बसायला.” मी जाऊन सांगितलं. शब्द आठवतात: “मावशी, सर म्हणतायत, कुणीतरी सामानापाशी पाहिजे.” त्यांनी मान हलवली आणि त्या मांडवामागच्या वर्गखोलीत जाऊन बसल्या. आम्ही बाण उडवला. तो मी पाहिला, साहेबांनी पाहिला, हजारभर पोरांनी पाहिला. टाळ्या पडल्या. फोटोत सर आहेत, मी आहे, दोन विद्यार्थी आहेत. प्रशस्तिपत्रावर सर आणि तेच दोन विद्यार्थी. पुढे सरांना आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला, त्यात या रॉकेटचा उल्लेख होता. शाळेच्या वार्षिक अंकात सरांचा लेख आला, आकृतीसह. लेखात ‘मी’ हा शब्द जागोजागी होता, ‘मंजुळा’ हा शब्द कुठेच नव्हता. रॉकेट प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात गेलं आणि त्या कपाटाची काच पुढची पंचवीस वर्षं दर शनिवारी कोण पुसत होतं हे सांगायला नको.

मग तो पूर आला. महाडच्या माणसाला कुठला ते विचारावं लागत नाही. प्रयोगशाळा तळमजल्यावर, पाणी उतरलं तेव्हा खोलीत गुडघाभर चिखल होता आणि कपाट पालथं. मंजुळाबाई तेव्हा निवृत्त होऊन गावी राहत होत्या. बोलावणं नसताना त्या घमेलं आणि खराटा घेऊन आल्या आणि तीन दिवस आमच्याबरोबर चिखल उपसला. रॉकेटचा लगदा झाला होता. हाताशी लागला तो पांगाऱ्याचा एक पंख. तो त्यांनी धुतला, पुसला, मला विचारलं, “नेऊ का?” मी म्हटलं न्या. माझ्या त्या शाळेतल्या सगळ्या नोकरीत मी केलेली एवढीच एक बरी गोष्ट असेल.

दोन वर्षांपूर्वी संस्थेने वर्धापनदिनासाठी शाळेत ‘स्मृतिदालन’ करायचं ठरवलं आणि पुण्याहून रॉकेटची फायबरची प्रतिकृती करून आणली. चकचकीत, लाल-पांढरी, मूळच्या दीडपट उंच, खाली सरांच्या नावाची पितळी पाटी. मंजुळाबाई वनिताला घेऊन कार्यक्रमाला आल्या होत्या, मागच्या रांगेत बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्या प्रतिकृतीपाशी गेल्या, वाकून तिच्या जोडांकडे पाहिलं, बोटाने टिचकी मारली. मी शेजारी उभा होतो. “भोकंच नायत,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून: “सर, मी खरा करते. जसा व्हता तसा. तुम्ही याल का मदतीला?”

मी हो म्हटलं. अख्ख्या आयुष्यात त्यांनी मला पहिल्यांदाच मदतीला बोलावलं होतं.

मग वर्षभर आठवड्यातून दोनदा मी एसटीने पोलादपूरला आणि तिथून रिक्षाने त्यांच्या वाडीवर जात राहिलो. वनिता गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. ती दुपारी घरी आली की आमच्यात येऊन बसे. मोजमाप त्या पंखावरून काढायचं. बाकी सगळं मंजुळाबाईंच्या हातात: वरची नळी वीतभर, मधली वीत आणि चार बोटं, खालची दीड वीत. दारू हाताने भरायचे दिवस गेले, ते बरंच झालं. पुण्याच्या एका हौशी मंडळाकडून कारखान्यात बनलेल्या, परवानगीच्या मोटरी मिळाल्या. त्या हातात घेऊन मंजुळाबाईंनी उलटसुलट पाहिल्या. “माझ्या बापाचा हात ह्याच्यापेक्षा साफ व्हता,” एवढंच म्हणाल्या.

उडवायला परवानगी हवी. पोलीस ठाण्यात सांगितलं, शाळेचं पत्र आणा. मी संस्थेच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, “सर, प्रतिकृती झालेली आहे. आता पुन्हा कशाला? मावशींनी या वयात आराम करावा. आणि उद्या काही झालं, तर संस्थेचं नाव येईल.” नाव. नाव येण्याची त्यांना केवढी काळजी... मी उठून आलो. वाडीवर येऊन सांगितलं तेव्हा गावचे पोलीस पाटील सखारामभाऊ तिथेच होते. मराठ्यांच्या वरच्या आळीतले, चांगली जमीनदारी, आणि शाळेत असताना मंजुळाबाईंच्या हातच्या घंटेवर वर्गात पळालेले. ते म्हणाले, “पत्र माझं चालत नाय का? कापणी झालीय, माझं खाचर मोकळं हाय. मावशी, उडवा तिथं.” त्यांनी पत्र दिलं, ठाण्यात स्वतः घेऊन गेले, आणि परवानगी मिळाली. एका गावच्या पाटलाला जे कळलं ते एका शिक्षणसंस्थेला कळू नये, याचं मला अजून नवल वाटतं. नवल हा सभ्य शब्द झाला.

आता माझी चूक. ही लिहिल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. भोकं पाडायची वेळ आली तेव्हा मी पिशवीतून शाळेचा तो जुना वार्षिक अंक काढला. सरांच्या आकृतीत भोकं खालच्या टप्प्याच्या बुडाशी दाखवली होती, पंखांच्या जरा वर. मंजुळाबाई म्हणाल्या, “असं नाय सर. वर असतात. जोडापाशी.” मी म्हटलं, “छापलेलं आहे, मंजुळामावशी. इतकी वर्षं झाली, तुमची आठवण चुकत असेल.” त्या म्हणाल्या, “बुडाशी तर आत मोटर बसलीय. भोकं तिच्यावरच येतात. हवा जाईल कुठून?” नववीच्या पोराला पटेल असा हा युक्तिवाद. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. माझ्यासमोर तो बाण बनवणारी बाई बसलेली, त्या भोकांचा शोध लागला त्या दिवशी मी स्वतः वाळूत उभा होतो, आणि तरी मी छापलेल्या कागदाची बाजू घेतली. वनिताने आईकडे पाहिलं. मंजुळाबाईंनी दाभण तापवलं आणि मी दाखवलं तिथे भोकं पाडली.

खाचरात सगळी वाडी जमली होती. लोखंडी सळईला लावून बाण उभा केला, तीस पावलं मागे येऊन बॅटरीच्या तारेने पेटवला. तो सूं करून उठला, नारळाच्या झाडाच्या दुप्पट उंच गेला, पहिला टप्पा संपला, आणि वरचे दोन्ही टप्पे पट्‌कन सुटून, न पेटता, दगडासारखे खाली आले. टोक नांगरटीत रुतून मोडलं. कुणी हसलं नाही. मंजुळाबाई चालत गेल्या, तुकडे उचलले, ओच्यात घेतले. परत येताना माझ्यापाशी थांबल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “सर,” त्या म्हणाल्या, “त्या लेखात चुकीचं हाय, कारण त्यांनी आतून कधी बघितलंच नाय. पण तुम्ही तर बघितलं व्हतं.”

त्या दिवसापासून मी त्यांना मावशी म्हणणं सोडलं.

दुसरा बाण करायला दीड महिना लागला. भोकं त्यांनी पाडली, जोडापाशी, दोन बोटं खाली, सहा. मी फक्त नळी धरली. थंडीची सकाळ होती, ओढ्यावरचं धुकं नुकतंच वर सरकलं होतं आणि समोरचे डोंगर धुतल्यासारखे दिसत होते. वनिताने तार जोडली. पहिला टप्पा उठला. तो गळून पडला तेव्हाच वर एक छोटा टप् असा आवाज झाला आणि मधला पेटला, धुराची रेघ वाकली नाही. मग खूप वर, तिथे काही दिसायचं उरलं नव्हतं असं वाटत असताना, पुन्हा तोच आवाज. मंजुळाबाई डोळ्यांवर हात धरून उभ्या होत्या. “तिसरा लागला,” त्या म्हणाल्या. पतंगाच्या कागदाची लांब लाल पट्टी उलगडली आणि ती वाऱ्यावर हलके हलके ओढ्यापलीकडच्या उतारावर उतरली. सखारामभाऊ ती आणायला धोतर खोचून पळाले, पन्नाशी उलटलेला माणूस.

मंजुळाबाई बांधावर बसल्या. मी शेजारी बसलो. त्या म्हणाल्या, “तवा मी वर जाताना बघितलाच नव्हता. आवाज ऐकला फक्त. खोलीला खिडकी व्हती, पण ती दुसऱ्या अंगाला.”

त्या खोलीत त्यांना बसवून आलेला माणूस मीच. मी माफी मागितली. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही सांगायला आलात, मी ऐकलं. दोघं पण नोकरीला व्हतो.” हे त्यांनी माझी सुटका करायला म्हटलं की माझी माफी नाकारायला, मला आजही ठरवता येत नाही. मी स्वतःला सोडलेलं नाही एवढं मात्र खरं.

या उड्डाणाचं सविस्तर टिपण, फोटो आणि दुरुस्त आकृती घेऊन मी पुन्हा अध्यक्षांकडे गेलो. या वेळी त्यांना उत्साह आला. “अरे वा. द्या ना, दालनात ठेवू, सरांच्या फोटोशेजारी.” मी म्हटलं, बाईंची अट एक आहे. पाटीवर नाव हवं, बनवणारीचं. ते थोडा वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, दालनात अध्यापकांचीच नावं असतात, तसं धोरण आहे. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी वेगळं काहीतरी कधीतरी करू. मंजुळाबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या भाकऱ्या थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, “मंग राहू द्या घरीच. हितं काय कमी हाय त्याला?”

शोकसभा शाळेतच झाली. व्यासपीठावर त्यांचा फोटो, झेंडूचा हार. अध्यक्ष बोलले. म्हणाले, मावशी म्हणजे शाळेची माऊली. म्हणाले, सर रात्रंदिवस रॉकेटवर काम करत आणि मावशी त्यांना हवं ते प्रेमाने हातात आणून देत. लोक माना हलवत होते. पहिल्या रांगेत वनिता बसली होती, अगदी ताठ, मांडीवर दोन्ही हात. मी उठलो. मला बोलायला सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं की रॉकेट मंजुळा सकपाळ यांनी बनवलं. भोकांची जागा त्यांनी शोधली. अंकातली आकृती खोटी आहे, त्या आकृतीप्रमाणे बनवलेला बाण पडतो, मी स्वतः पाडून पाहिलेला आहे. आणि ज्या दिवशी तो उडाला त्या दिवशी त्यांना खोलीत बसवून ठेवलं होतं आणि ते काम मी केलं होतं. सभागृहात चुळबुळ झाली. सूत्रसंचालकाने माइक माझ्या हातातून हळूच घेतला आणि अध्यक्ष म्हणाले, “सर भावनाविवश झालेले आहेत, आपण समजू शकतो.” मग दोन मिनिटं स्तब्धता.

मी भावनाविवश नव्हतो. मला उशीर झाला होता, ते वेगळं. बाहेर तीन-चार जुने विद्यार्थी भेटले. एकाने विचारलं, सर, हे सगळं खरं का? दुसरा म्हणाला, असेल खरं, पण आज बोलायचा दिवस होता का? मला त्याला विचारायचं होतं, कुठला दिवस होता रे... त्यांच्या नोकरीतला कुठला, निवृत्तीनंतरचा कुठला? दुरुस्त आकृती मी वार्षिक अंकाच्या संपादकांना पाठवली आहे. जागा असल्यास विचार करू, असं उत्तर आलं आहे. दालनातली फायबरची बाहुली जिथल्या तिथे आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सगळं लिहिलं तेव्हा कुणीतरी लिहिलं, ‘या ग्रुपवर जातीचं राजकारण नको.’ मी जात हा शब्दही वापरला नव्हता.

मागच्या आठवड्यात वाडीवर गेलो. वनिताने चहा टाकला. घर तसंच, स्वच्छ सारवलेलं ओटी-माजघर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्या शेजारी आता आईची. बसल्या बसल्या माझी नजर वर गेली. माजघरात आढ्याला आडवी दोन काठ्यांची मांडणी टांगली होती आणि तिच्यावर कागदाच्या नळ्या वाळत घातल्या होत्या. नव्या. चार लांबींच्या. मी मोजल्या, पुन्हा मोजल्या. चार टप्पे.

“आजारी पडायच्या आधी वळल्यात आईनं,” वनिता म्हणाली. “म्हणली, तीनचा झाला, आता चारचा जमतो का बघू.”

मी शिक्षक, सवय जात नाही. म्हटलं, मला दे, मी नीट जपतो, पुण्याला एखाद्या चांगल्या संग्रहालयात विचारतो, तिथे नावासकट ठेवतील. ती नाही म्हणाली. आवाज चढवला नाही. “जपायला नाय त्या सर. उडवायच्यात. मी करते पुऱ्या, मला येतं. तुम्हाला यायचं तर या, नळ्या धरायला.”

मी म्हटलं येईन. चहा पिऊन होईस्तोवर ती अंगणवाडीतल्या पोरांचं, पोषण आहाराच्या तांदळाचं, असं काहीबाही सांगत होती. मधेच बोलता बोलता उठली, हात पदराला पुसले, स्टुलावर चढली आणि काठीवरची एकेक नळी बोटांच्या चिमटीत धरून पाव वळसा फिरवली. पहिली, दुसरी, अशा सगळ्या. मग खाली उतरून परत येऊन बसली.

“रोज फिरवायला लागतात,” ती म्हणाली, “नायतर एका अंगाला वाकतात.” आणि अर्धवट राहिलेलं तांदळाचं बोलणं तिने पुढे सुरू केलं.